स्कोअर सगळ्यांच्या लक्षात राहिला, स्कॅन काढणारे मात्र विसरले गेले

एप्रिल-मे २०२१ मधले फोन आठवून पाहा. सलाम झाला, खैरियत विचारली की पुढचा प्रश्न ठरलेला असायचा, ‘अब्बांचा स्कोअर किती आला?’ पंचवीसपैकी सात-आठ म्हटलं की समोरचा अल्हम्दुलिल्लाह म्हणायचा. अठरा-वीस म्हटलं की दोन्हीकडे शांतता पसरायची. ‘एचआरसीटी’ हा शब्द त्याआधी आपल्यापैकी फारच थोड्यांनी ऐकला होता. त्या दोन महिन्यांत तो मोमीनपुऱ्यापासून मुंब्र्यापर्यंत आणि मालेगावपासून रत्नागिरीपर्यंत घराघरात पोहोचला.

हा आकडा आपल्या हातात कुणी आणून दिला, हे मात्र आपण फारसं कधी विचारलं नाही. मशीनवर पेशंटला झोपवणारा टेक्निशियन, ‘श्वास घ्या, रोखून धरा’ म्हणणारा काचेमागचा आवाज, दिवसाला शेकड्यांनी चित्रं पाहून रिपोर्ट लिहिणारे रेडिओलॉजिस्ट डॉक्टर, स्ट्रेचर ढकलणारा वॉर्डबॉय, मशीन पुसणारी मावशी. कोरोनाच्या काळात डॉक्टर आणि नर्स यांच्याबद्दल बरंच लिहिलं गेलं, ते योग्यच होतं. पण एक्स-रे आणि सीटीच्या खोलीत काम करणारी माणसं या यादीत आलीच नाहीत.

८ नोव्हेंबर हा जागतिक रेडिओग्राफी दिन. १८९५ मध्ये याच तारखेला विल्हेल्म राँटजेन यांना जर्मनीत क्ष-किरणांचा शोध लागला. २०२५ मध्ये त्याला १३० वर्षं झाली. राज्यात कोरोनाचा पहिला रुग्ण ९ मार्च २०२० रोजी पुण्यात सापडला, त्यालाही आता पाच वर्षं उलटून गेली आहेत. तेव्हा शांत डोक्याने हा हिशोब मांडायला हरकत नाही. त्या साथीने या लोकांचं काय केलं? आणि पुढची साथ आली तर आपण त्यांना पुन्हा तसंच सोडून देणार आहोत का?

आधी खोली रिकामी, मग रांग रस्त्यावर

पहिली गोष्ट अनेकांना माहीत नाही. साथीच्या सुरुवातीला स्कॅन सेंटरमध्ये गर्दी वाढली नाही, उलट ती ओस पडली. मार्च २०२० मध्ये लॉकडाऊन लागला, खासगी दवाखाने बंद झाले, ठरलेल्या शस्त्रक्रिया पुढे ढकलल्या गेल्या. सोनोग्राफी, मॅमोग्राफी, गुडघ्याचा एमआरआय, हे सगळं थांबलं. छोट्या सेंटरचं उत्पन्न एकदम खाली आलं. मशीनचे हप्ते मात्र थांबले नाहीत. अशा वेळी कात्री कुठे लागते हे आपल्याला ठाऊक आहे. कुणाचा पगार अर्धा झाला, कुणाला ‘काही दिवस घरीच थांब’ असं सांगितलं गेलं. रोजंदारीवर किंवा ठेकेदाराकडे असलेल्यांना तर विचारणारंही कुणी नव्हतं.

मग काही महिन्यांतच चित्र उलटलं. आरटी-पीसीआरचा रिपोर्ट यायला दोन-तीन दिवस, दुसऱ्या लाटेत तर काही ठिकाणी त्याहूनही जास्त वेळ लागू लागला. सीटी स्कॅनचा रिपोर्ट काही तासांत मिळायचा. त्यामुळे लोक थेट सीटीकडे धावले. बेड पाहिजे तर स्कोअर सांगा, रेमडेसिव्हिर पाहिजे तर स्कोअर दाखवा, असंही अनेक ठिकाणी झालं. कालपर्यंत घरी बसवलेल्या त्याच टेक्निशियनला आता चोवीस तास मशीन चालू ठेवायला सांगितलं गेलं. माणसं तेवढीच, मशीन तेवढीच, पेशंट मात्र कितीतरी पट.

या दोन्ही टप्प्यांत एक गोष्ट सारखी होती. कामाचा निर्णय दुसरं कुणीतरी घेत होतं आणि त्याचा भार सगळ्यात खालच्या माणसावर पडत होता.

त्या खोलीत नेमकं काय घडायचं

बाहेर बसून आपल्याला वाटायचं, दोन मिनिटांचं काम आहे, मग एवढा वेळ का लागतो? प्रत्यक्षात स्कॅन काही सेकंदांचाच असतो, पण त्याच्या आधीचं आणि नंतरचं काम मोठं असतं. धाप लागलेल्या पेशंटला आधार देऊन टेबलावर झोपवायचं, ऑक्सिजनची नळी सांभाळायची, दागिने-पिना काढायला सांगायचं, हात डोक्यावर घ्यायला लावायचे. पेशंट खोकत असतो, घाबरलेला असतो. एका हाताच्या अंतरावर हे सगळं करायचं. त्याला बाहेर नेल्यावर टेबल, उशी, मशीनची कड, दाराची कडी सगळं पुसायचं, खोलीतली हवा बदलायला वेळ द्यायचा आणि मग पुढचा पेशंट. नियमाप्रमाणे हे असंच व्हायला हवं होतं. रांग रस्त्यापर्यंत गेली की नियम आणि घाई यांत घाई जिंकायची. आणि त्याचा धोका आत उभ्या असलेल्या माणसाला असायचा.

आयसीयूमधलं काम याहून कठीण. व्हेंटिलेटरवरच्या रुग्णाला एक्स-रे रूममध्ये नेता येत नाही, म्हणून मशीनच त्याच्याजवळ न्यावं लागतं. एक्स-रेची प्लेट प्लास्टिकमध्ये गुंडाळून रुग्णाच्या पाठीखाली सरकवायची, त्यासाठी त्याला उचलायचं, नळ्या हलू द्यायच्या नाहीत. अंगावर पीपीई किट, त्यासोबत शिसाचा जड एप्रन. एका वॉर्डात एकामागून एक असे दहा-बारा बेड. मे महिन्याच्या उकाड्यात हे काम करणाऱ्याचं अंग घामाने निथळायचं, चष्म्यावर वाफ धरायची आणि पाणी प्यायला किट काढायची सोय नसायची.

मे २०२१ मध्ये म्युकरमायकोसिस आला, ज्याला आपण ‘काळी बुरशी’ म्हणून ओळखलं. केंद्राने राज्यांना तो साथरोग कायद्याखाली नोंदवायला सांगितलं. महाराष्ट्रात त्याचे रुग्ण मोठ्या संख्येने होते. बुरशी सायनसमधून डोळ्यापर्यंत किंवा मेंदूपर्यंत गेली आहे का, हे पाहायला सीटी आणि एमआरआय दोन्ही लागायचे. एमआरआयला अर्धा-पाऊण तास लागतो आणि त्या खोलीत साधा लोखंडी ऑक्सिजन सिलिंडर नेणं म्हणजे जिवाशी खेळ. जानेवारी २०१८ मध्ये मुंबईच्या नायर रुग्णालयात असा सिलिंडर घेऊन आत गेलेल्या एका नातेवाइकाचा मशीनने ओढून घेतल्याने मृत्यू झाला होता. ऑक्सिजनवर असलेले रुग्ण रांगेत असताना, बाहेर नातेवाईक ओरडत असताना, ही दक्षता प्रत्येक वेळी पाळायची होती.

दोन लाटा, दोन रमजान

आपल्या समाजातले जे तरुण-तरुणी या कामात आहेत, त्यांच्यासाठी दोन्ही वर्षं आणखी वेगळी गेली. २०२० चा रमजान २५ एप्रिलला सुरू झाला, म्हणजे कडक लॉकडाऊनमध्ये. २०२१ चा रमजान १४ एप्रिलला सुरू झाला आणि त्याच रात्री आठ वाजता राज्यात ‘ब्रेक द चेन’चे कडक निर्बंध लागू झाले. दुसऱ्या लाटेचे सगळ्यात वाईट दिवस आणि रोजांचे दिवस एकच होते.

चौदा तासांच्या आसपासचा रोजा, त्यात किट घालून सहा-आठ तासांची ड्युटी. काहींनी रोजे ठेवले आणि इफ्तार मशीनच्या कन्सोलशेजारी खजूर आणि पाण्याच्या बाटलीवर केला. काहींना तब्येतीमुळे रोजे सोडून नंतर कझा करावे लागले आणि त्याची चुटपुट मनाला लागून राहिली. कुणी कोणता मार्ग निवडला यावर शेरे मारण्याचा अधिकार आपल्याला नाही. ते दोन्ही लोक आपल्याच अब्बा-अम्मींचे स्कॅन काढत होते.

घरी परतल्यावरची अडचण वेगळीच. सरकारी सूचना सांगायची, वेगळ्या खोलीत राहा, वेगळं शौचालय वापरा. भिवंडी, गोवंडी, मुंब्रा इथल्या दीड खोलीच्या घरात सहा-सात माणसं राहतात, तिथे वेगळी खोली आणायची कुठून? म्हणून कुणी कामाच्या ठिकाणीच झोपलं, कुणी गॅलरीत अंथरूण टाकलं, कुणी आपल्या लहान मुलाला महिनाभर नानीकडे पाठवून दिलं. आपल्यामुळे घरातल्या वडीलधाऱ्यांना काही झालं तर, ही धास्ती कामाच्या थकव्यापेक्षा मोठी होती. त्यात काही सोसायट्यांमध्ये आणि मोहल्ल्यांमध्ये ‘हा कोविडच्या जागी काम करतो’ म्हणून लोक अंतर राखून वागले, तेही आपण पाहिलं आहे.

रिपोर्ट लिहिणाऱ्यांच्या डोक्यावरचं ओझं

रेडिओलॉजिस्ट डॉक्टर पेशंटपासून लांब बसतात, त्यांना काय त्रास, असं वाटू शकतं. पण त्यांचं ओझं वेगळ्या प्रकारचं होतं. छातीच्या एका सीटीमध्ये शेकडो चित्रं असतात. फुफ्फुसाचे पाच भाग पाहायचे, प्रत्येकाला शून्य ते पाच गुण द्यायचे, त्यांची बेरीज म्हणजे तो पंचवीसपैकी स्कोअर. शिवाय हा कोविडच आहे का, याची शक्यता सांगायला मार्च २०२० मध्ये नेदरलँडच्या रेडिओलॉजिस्टांनी तयार केलेली को-रॅड्स पद्धत जगभर वापरात आली. आजार नवा, पद्धत नवी, आणि शिकत शिकतच रोज निर्णय द्यायचे.

स्कोअर हे खरं तर डॉक्टरांना उपचार ठरवायला मदत करणारं एक माप. ऑक्सिजनची पातळी, ताप, वय, साखर, रक्त तपासण्या यांच्या सोबतीनेच त्याला अर्थ असतो. स्कॅन फार लवकर काढला तर स्कोअर कमी येतो आणि खोटा दिलासा मिळतो. पण आपण त्याला परीक्षेच्या मार्कांसारखं वागवलं. त्यामुळे रिपोर्ट लिहिणाऱ्याला माहीत असायचं की आपण लिहिलेल्या एका आकड्यावर कुणाला बेड मिळेल, कुणाला मिळणार नाही, कुणाच्या घरात रडारड सुरू होईल. पस्तीस-चाळीस वर्षांच्या तरुणांची पांढरी पडलेली फुफ्फुसं दिवसभर पाहायची, त्यात अधूनमधून ओळखीचं नाव दिसायचं. त्या रुग्णाचं पुढे काय झालं हे बहुतेक वेळा कळायचंही नाही. थकव्यात एखादी चूक झाली तर, ही भीती वेगळीच.

३ मे २०२१ रोजी दिल्लीच्या एम्सचे तेव्हाचे संचालक डॉ. रणदीप गुलेरिया यांनी सांगितलं की सौम्य आजारात सीटी काढू नका, एक सीटी म्हणजे छातीचे ३०० ते ४०० एक्स-रे काढण्यासारखं आहे. रेडिओलॉजिस्टांच्या राष्ट्रीय संघटनेने या आकड्यावर आक्षेप घेतला आणि नव्या मशीनवर कमी मात्रेचा सीटी पाच ते दहा एक्स-रेएवढा असतो असं म्हटलं. आकड्यावर मतभेद होते, पण विनाकारण स्कॅन नको हा सल्ला बरोबरच होता. त्रास कुणाला झाला? ज्या घरांनी आदल्या दिवशी ‘आत्ताच्या आत्ता काढा’ म्हणून भांडण केलं होतं, त्यांनी दुसऱ्या दिवशी ‘आम्हाला कॅन्सर होणार का?’ म्हणून पुन्हा काउंटरवर त्याच टेक्निशियनला धारेवर धरलं.

स्वस्त स्कॅनची किंमत कुणी दिली

सप्टेंबर २०२० मध्ये राज्य सरकारने एचआरसीटीचे दर बांधून दिले. मशीनच्या क्षमतेनुसार २००० रुपये, २५०० रुपये आणि ३००० रुपये. त्याआधी काही ठिकाणी याच्या दुप्पट-तिप्पट रक्कम घेतली जात होती. गरीब कुटुंबांसाठी हा निर्णय मोठा आधार होता आणि तो व्हायलाच हवा होता. मात्र याच दरात रिपोर्ट, फिल्म, पीपीई किट आणि निर्जंतुकीकरण, सगळं धरलेलं होतं. दर बांधताना एका माणसाने सलग किती तास काम करायचं, किती पेशंटनंतर विश्रांती, किट रोज नवं की तेच पुन्हा, हे कुणी बांधून दिलं नाही. मालकाने खर्च वाचवायचा ठरवला तर तो याच गोष्टींत वाचतो.

विम्याचंही तसंच. ३० मार्च २०२० पासून केंद्राने कोविडशी लढणाऱ्या आरोग्य कर्मचाऱ्यांसाठी ५० लाखांचं विमा संरक्षण लागू केलं. कागदावर टेक्निशियनही त्यात बसत होते. पण खासगी ठिकाणी काम करताना मृत्यू झाला तर ती सेवा सरकारने अधिग्रहित केली होती का, हा प्रश्न उभा राहिला. डॉक्टरांच्या कुटुंबांना त्यासाठी हायकोर्ट, सुप्रीम कोर्टापर्यंत जावं लागलं. जिथे डॉक्टरांच्या घरच्यांना एवढी लढाई, तिथे नियुक्तीपत्रच नसलेल्या टेक्निशियनच्या विधवेने कुठे जायचं?

२२ मार्च २०२० रोजी आपण सगळ्यांनी थाळ्या आणि टाळ्या वाजवल्या. ब्रिटनमध्येही लोक दर गुरुवारी रात्री आठ वाजता दारात उभे राहून टाळ्या वाजवत होते. त्याच इंग्लंडमधल्या रेडिओग्राफरांना जुलै २०२३ मध्ये पगार आणि मनुष्यबळाच्या प्रश्नावर संप करावा लागला. टाळ्यांचं पुढे काय होतं, ते यावरून समजावं. आपल्याकडे तर संप करण्याइतकी त्यांची संघटित ताकदही बहुतेक ठिकाणी नाही.

कायदा आहे, आता तो दिसायला हवा

एक चांगली गोष्ट साथीच्या काळातच घडली. मार्च २०२१ मध्ये संसदेने सहयोगी आणि आरोग्यसेवा व्यवसायांसाठी राष्ट्रीय आयोगाचा कायदा मंजूर केला. रेडिओलॉजी आणि इमेजिंगचे तंत्रज्ञ धरून पन्नासहून जास्त व्यवसाय त्यात आले. शिक्षणाचा दर्जा ठरवणं, राज्यात परिषद नेमणं, प्रत्येकाची अधिकृत नोंदणी ठेवणं, असं त्याचं स्वरूप. डॉक्टर आणि नर्सला जशी परिषद आहे, तशी ओळख यांनाही मिळणार होती. पण अंमलबजावणी इतकी रखडली की ऑगस्ट २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टाने केंद्र आणि राज्यांना खडसावून दोन महिन्यांची मुदत दिली.

हा कायदा नुसता सर्टिफिकेटचा विषय आहे असं समजू नये. नोंदणी नसेल तर राज्यात असे किती लोक आहेत हेच सरकारला ठाऊक नसतं. संख्या ठाऊक नसेल तर साथीत किती जण आजारी पडले, किती दगावले, कुणाला मदत द्यायची, हेही कळत नाही. मोजणीत नसलेला माणूस मदतीच्या यादीतही नसतो. आपल्या समाजाला ही गोष्ट वेगळी समजावून सांगायची गरज नाही.

मनाच्या त्रासाचंही तसंच आहे. साथीनंतर अनेक देशांत झालेल्या पाहण्यांमध्ये या क्षेत्रातल्या लोकांमध्ये चिंता, झोप न लागणं आणि कामाचा वीट येणं ठळकपणे दिसलं. आपल्याकडे ‘मर्द असून घाबरतोस?’ किंवा ‘नमाज पढ, सब ठीक होईल’ एवढ्यावर विषय संपतो. नमाज आणि दुआ मनाला आधार देतात, यात शंका नाही. पण ताप आला तर आपण दुआही करतो आणि डॉक्टरकडेही जातो. मनाच्या बाबतीतही तेच करायला हवं. टेली-मानसची १४४१६ ही सरकारी हेल्पलाइन मोफत आहे आणि तिथे मराठीत बोलता येतं.

आपल्या घरापासून काय करता येईल

सरकारकडे मागण्या आहेतच. ड्युटीचे तास ठरवा, बदली माणूस द्या, ठेक्यावरच्या कर्मचाऱ्याला विमा आणि नियुक्तीपत्र द्या. पण काही गोष्टी आपल्या हातात आहेत.

पहिली गोष्ट म्हणजे, डॉक्टरांनी लिहून दिल्याशिवाय स्कॅनचा हट्ट धरू नका. विनाकारण काढलेला प्रत्येक स्कॅन खऱ्या गरजूला रांगेत मागे ढकलतो.

दुसरी, काउंटरवर आवाज चढवू नका. रिपोर्ट उशिरा येण्याचं कारण आत बसलेला माणूस आळशी आहे हे क्वचितच असतं.

तिसरी गोष्ट आपल्या मुलींविषयी. अम्मीचा किंवा बहिणीचा स्कॅन असला की आपण विचारतो, ‘लेडीज टेक्निशियन आहे का?’ मागणी रास्त आहे. पण आपल्या घरातली मुलगी बारावी सायन्स झाली आणि तिने हा कोर्स करायचं म्हटलं की आपणच म्हणतो, रेडिएशनचं काम आहे, पुढे लग्नाला अडचण येईल. मग लेडीज टेक्निशियन येणार कुठून? अणुऊर्जा नियामक मंडळाचे नियम कर्मचाऱ्याला वर्षाला किती रेडिएशन चालेल याची मर्यादा ठरवतात. छातीला लावलेल्या बॅजवर ते मोजलं जातं आणि गरोदर महिलेसाठी वेगळी, आणखी कडक मर्यादा आहे. नियम पाळणाऱ्या ठिकाणी हे काम सुरक्षित आहे. नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाच्या पॅरामेडिकल पदवीत रेडिओग्राफीची शाखा आहे. फक्त प्रवेश घेण्याआधी कॉलेजला मान्यता आहे का ते नीट तपासा. सहा महिन्यांत सर्टिफिकेट देतो म्हणणाऱ्या गल्लीतल्या क्लासला फी भरू नका, कारण नव्या कायद्याखाली नोंदणी सुरू झाली की असा कागद कामाचा राहणार नाही.

चौथी, आपल्या मशिदी, जमात आणि ट्रस्ट दरवर्षी जे सत्कार आणि आरोग्य शिबिरं घेतात, त्यात या लोकांनाही बोलवा. त्यांच्या हातात शाल देण्याआधी त्यांना पगार वेळेवर मिळतो का, विमा आहे का, हे विचारा. ट्रस्टचं स्वतःचं हॉस्पिटल किंवा डायग्नोस्टिक सेंटर असेल तर सुरुवात तिथूनच करा.

पुढची साथ कधी येईल हे कुणालाच सांगता येणार नाही. पण ती आली तर छातीचा फोटो पुन्हा काढावा लागेल आणि आपण पुन्हा त्याच दारासमोर रांगेत उभे असू. तेव्हा आत थकलेला, घाबरलेला, बिनविम्याचा माणूस असावा की नीट शिकलेला, विश्रांती मिळालेला आणि आपल्या हक्कांची खात्री असलेला, हे आज आपण काय मागतो आणि काय करतो यावर ठरेल.